जुनं रिकर्व्ह धनुष्य कोणत्या सालचं, हे कसं ओळखायचं?

मिशिगनमध्ये उन्हाळा सुरू झाला की दर शनिवारी सकाळी गॅरेज सेलच्या पाट्या लागतात. दहा वर्षांपूर्वी अशाच एका घरासमोर, गवत कापायच्या यंत्राशेजारी, मला माझं पहिलं बेअर ग्रिझली, म्हणजे बेअर कंपनीचं ग्रिझली नावाचं धनुष्य, मिळालं. विकणाऱ्यानं धनुष्यावरची बारीक अक्षरं दाखवली, "कॅनडा १९५३". एवढं जुनं धनुष्य म्हणून मी त्यानं मागितले तेवढे पैसे दिले. घरी येऊन खिडकीपाशी धरलं तेव्हा मुठीच्या वर बसवलेलं पितळी नाणं चमकलं. त्या नाण्याचा अर्थ मला त्या दिवशी माहीत नव्हता. कळला तेव्हा लक्षात आलं की मी १९५३ ची किंमत मोजून १९६६ चं धनुष्य घेतलं होतं.

त्या विक्रेत्यानं फसवलं असं मला वाटत नाही. त्यालाही ते साल खरंच वाटत होतं, आणि आजही जुन्या बाजारात आणि ऑनलाइन लिलावांत रोज कोणीतरी हीच चूक करतं. म्हणून हा लेख. भर बेअर कंपनीच्या धनुष्यांवर आहे, कारण नव्या संग्राहकाच्या हाती सगळ्यात आधी तीच येतात आणि त्यांच्या खुणा सगळ्यात चांगल्या वाचता येतात. बाकीच्या कंपन्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी धनुष्याचे भाग

मधला जाड लाकडी भाग म्हणजे रायझर. त्यातच मूठ असते आणि मुठीच्या वर बाण ठेवायला कापलेला झरोका. रायझरच्या दोन्ही बाजूंना पातळ, वाकणाऱ्या भुजा. बहुतेक वेळा आत लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर अशी त्यांची घडण असते. भुजांची टोकं तिरंदाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. रिकर्व्ह हे नाव त्या वळणावरून आलं. टोकाला दोरी अडकवायची खाच असते.

टोकांचं वळण दोन प्रकारचं असतं. काही धनुष्यांत वळलेलं टोक ताठच राहतं, दोरी ओढली तरी उलगडत नाही. काहींत ते ओढीबरोबर उलगडतं आणि सोडल्यावर परत वळतं. अमेरिकेत १९५० च्या दशकात पहिला प्रकार मागे पडून दुसरा रूढ झाला. ताठ टोकाचं कारखानी धनुष्य दिसलं तर ते त्या दशकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं असण्याची शक्यता बरीच असते, पण एवढ्यावर साल ठरवायला जाऊ नका.

पहिली पायरी: पुसण्याआधी वाचा

जुनं धनुष्य हाती आलं की ते घासूनपुसून चकाचक करावंसं वाटतं. तो मोह आवरा. मॉडेलचं नाव, लांबी, पौंड (दोरी ओढायला लागणारा जोर), क्रमांक हे सगळं शाईनं, पातळ छपाईनं किंवा स्टिकरच्या रूपात असतं. त्यावर वॉर्निशचा एखादाच थर असतो, आणि साठ वर्षांनी तोही जागोजागी उडालेला असतो. ॲसिटोन किंवा थिनर लावलात तर धनुष्याची ओळख बोळ्याबरोबर निघून जाते. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्यावर थेंबभर सौम्य साबण घ्या आणि अक्षरांना वळसा घालून पुसा. सँडपेपर तर घरातच ठेवा. मूळ वॉर्निश डागाळलेलं असलं तरी संग्राहकाला ते नव्या चकाकीपेक्षा प्यारं असतं.

अक्षरं पुसट असतील तर खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून बाजूनं प्रकाश पाडा. समोरून अजिबात न दिसणारा आकडा तिरप्या उजेडात उठून दिसतो. मुठीच्या वर आणि खाली, दोन्ही कडा बघा. मग दोन्ही भुजांची पोटाकडची बाजू, म्हणजे धनुष्य धरल्यावर आपल्याकडे येणारी बाजू तपासा. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा. अर्थ नंतर लावू.

"कॅनडा १९५३" चं कोडं

बेअरच्या हजारो धनुष्यांवर ही ओळ आहे. तिच्याजवळच २,६१३,६६० हा आकडाही असतो. कंपनीचे संस्थापक फ्रेड बेअर यांना अमेरिकेत १९५२ मध्ये धनुष्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, त्याचा हा क्रमांक. १९५३ हे कॅनडातल्या पेटंटचं साल. धनुष्य कधी बनलं याच्याशी त्याचा संबंध नाही. हीच ओळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या धनुष्यांवर छापलेली सापडते. तिच्यावरून एवढंच म्हणता येतं की धनुष्य १९५३ च्या आधीचं नाही.

पेटंटच्या सालाला उत्पादनाचं साल समजण्याची ही चूक इतर कंपन्यांच्या बाबतीतही होते. धनुष्यावर चार आकडी साल दिसलं की आधी शंका घ्या. त्या काळात कारखान्यांनी धनुष्यावर उत्पादनाचं साल सरळ लिहिणं दुर्मीळच.

दुसरी पायरी: गावाचं नाव

फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉईटमध्ये सुरुवात केली. १९४७ मध्ये कारखाना उत्तर मिशिगनमधल्या ग्रेलिंग या छोट्या गावी गेला आणि १९७८ मध्ये तिथून थेट फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला. त्यामुळे धनुष्यावर "ग्रेलिंग, मिशिगन" असेल तर ते ग्रेलिंगच्या तीस-एकतीस वर्षांतलं, आणि "गेन्सव्हिल, फ्लोरिडा" असेल तर १९७८ किंवा त्यानंतरचं. खूण अगदी साधी, पण लिलावात "साठच्या दशकातलं" म्हणून मांडलेलं गेन्सव्हिलचं धनुष्य मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. बोली लावण्याआधी गावाचं नाव असलेल्या जागेचा जवळून फोटो मागवा.

तिसरी पायरी: नाणं

माझ्या मते बेअरच्या धनुष्यावरचा सगळ्यात बोलका पुरावा हाच. १९५९ पासून कंपनीनं रायझरमध्ये अस्वलाचं चित्र असलेलं गोल पदक बसवायला सुरुवात केली. संग्राहक त्याला कॉइन, म्हणजे नाणंच म्हणतात. त्याआधीच्या धनुष्यांवर नाणं नसतं, अस्वलाचा छापील स्टिकर असतो. धावणाऱ्या अस्वलाचा स्टिकर जुना, उभ्या अस्वलाचा त्यानंतरचा. मुठीला चामडं गुंडाळलेलं, नाणं नाही आणि भुजेवर धावतं अस्वल, असं धनुष्य दिसलं तर घाई करू नका. नीट बसून बघा, ते १९५० च्या दशकातलं असू शकतं.

नाण्याचा धातू काळाप्रमाणे बदलत गेला. अगदी सुरुवातीला, १९५९-६० च्या सुमारास, नाणी पांढुरक्या धातूची होती: आधी ॲल्युमिनियम, मग प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू. १९६१-६२ मध्ये तांबं आलं. १९६३ ते १९७० पितळ, आणि १९७१-७२ मध्ये निकेल-सिल्व्हर, म्हणजे पुन्हा पांढरट रंग. ही सगळी नाणी लाकडात पूर्ण बसवलेली, पृष्ठभागाशी सपाट. १९७३ पासून मात्र नाणं वर उचललेलं, बाहेरून चिकटवलेलं आलं.

फरक डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतो. डोळे मिटून अंगठा रायझरवरून हळू फिरवा. सपाट नाण्यावरून अंगठा जवळजवळ अडखळत नाही, फक्त लाकडाची ऊब संपून धातूचा गारवा लागतो. उचललेल्या नाण्याच्या कडेला नख अडकतं. हे एकदा हाताला कळलं की १९७३ च्या आधीचं आणि नंतरचं धनुष्य बाजारातल्या गर्दीतही क्षणात वेगळं काढता येतं.

तांबं आणि पितळ यांत गोंधळ होतो, कारण जुनं वॉर्निश पिवळं पडून दोन्ही धातू सारखे दिसू लागतात. दिवसाच्या उजेडात बघा. तांब्यात लालसर झाक उरलेली असते, पितळ पिवळंच राहतं. घरातल्या तांब्याच्या आणि पितळेच्या भांड्यांशेजारी धरून बघायची माझी सवय आहे. आपल्या घरांत दोन्ही असतातच, आणि तुलना समोर असली की डोळ्याची चूक होत नाही. नाणं ब्रासोनं मात्र घासू नका. त्यानं भोवतीचं वॉर्निश पांढरं पडतं आणि पुढच्या माणसाला नाण्याचं मूळ रूप कधीच दिसत नाही.

पांढऱ्या नाण्याबद्दल एक सावधगिरी. १९६० चं प्यूटर आणि १९७१ चं निकेल-सिल्व्हर फोटोत सारखंच वाटतं, आणि दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो. इथे पुढची पायरी निकाल देते.

चौथी पायरी: क्रमांक आणि लांबी

बेअरच्या धनुष्यांवर अनुक्रमांक असतो, पण सगळ्या काळात तो सालाबद्दल काही सांगत नाही. १९६५ ते १९६९ एवढ्याच पाच वर्षांत क्रमांकाचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक. पितळी नाणं आणि सुरुवातीला ६ म्हणजे १९६६, सुरुवातीला ८ म्हणजे १९६८. त्याआधी किंवा त्यानंतर पहिल्या अंकावरून साल काढायला गेलात तर फसाल. म्हणून नेहमी आधी नाणं, मग अंक. उचललेलं नाणं असलेल्या धनुष्याच्या क्रमांकात ७ पहिला आला म्हणून ते १९६७ चं होत नाही.

लांबी कशी लिहिली आहे तेही बघा. नुसतं "६०" आणि इंचाची खूण, की त्याआधी "एएमओ" ही तीन अक्षरं? अमेरिकेतल्या तिरंदाजी साहित्य उत्पादकांच्या संघटनेनं लांबी आणि पौंड मोजायची एकच पद्धत ठरवली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून धनुष्यांवर ही अक्षरं दिसू लागली. वरच्या पांढऱ्या नाण्याच्या कोड्याचं उत्तर इथेच: पांढरं सपाट नाणं आणि एएमओ दोन्ही असतील तर ते निकेल-सिल्व्हर, १९७१-७२ चं. ही खूण इतर कंपन्यांच्या धनुष्यांनाही लागू पडते, म्हणून ती पाठच करून ठेवा.

लांबी पुसली गेली असेल तर दोरी उतरवून, शिंप्याची मऊ टेप भुजेच्या वळणावरून एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत न्या. सरळ रेषेत मोजू नका, आकडा कमी येईल. लिहिलेले पौंड २८ इंच ओढीला असतात, आणि ही ओढ मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच अशी धरतात. स्वतःच्या काट्यावर तपासताना मुठीपासून सव्वासव्वीस इंचांवर आकडा वाचा, नाहीतर धनुष्य उगाच जड किंवा हलकं वाटेल.

पाचवी पायरी: मॉडेलचं नाव, आणि त्यातला सापळा

मॉडेलचं नाव आपल्याला मागची सीमा देतं. सुपर मॅग्नम ४८ हे आखूड धनुष्य १९६६ मध्ये आलं, सुपर कोडिॲक १९६७ मध्ये. त्याआधीच्या सालाचा दावा कोणी केला तर तो तिथेच खोटा ठरतो. पण पुढची सीमा नावावरून मिळत नाही. कोडिॲक, ग्रिझली ही नावं कंपनीनं दशकानुदशकं वापरली आणि आजही वापरते. संग्राहकांच्या लाडक्या १९५९ च्या कोडिॲकची नव्यानं बनवलेली प्रतिकृतीही कंपनीनं विकली आहे. प्रतिकृती वाईट नाही, मन लावून बनवलेली आहे, पण तिचे पैसे प्रतिकृतीचेच द्यायचे. नवं धनुष्य ओळखायला टोकं बघा. आधुनिक धाग्याच्या दोरीसाठी नव्या धनुष्यांची टोकं बहुधा जाड थरांनी मजबूत केलेली असतात, जुन्यांची पातळ असतात.

रायझरवर धातूच्या पेचाची भोकं आहेत का तेही पाहा. हॉइट कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धनुष्याच्या पुढे लावायचे दांडे, म्हणजे स्टॅबिलायझर, आणले. मग इतरांनीही रायझरमध्ये पेचाची बुशिंगं बसवायला सुरुवात केली. कारखान्यात बसवलेलं बुशिंग वॉर्निशखाली स्वच्छ बसलेलं असतं. मालकानं नंतर घरी पाडलेल्या भोकाच्या कडेला लाकूड तुसासारखं फाटलेलं आणि वॉर्निश तडकलेलं दिसतं. असं भोक साल सांगत नाही, उलट किंमत उतरवतं.

या पाच खुणा एकमेकींशी जुळल्या तरच साल लिहा. एखादी जुळत नसेल तर मधे दुरुस्ती झाली आहे का, नाणं बदललं आहे का, रायझर पुन्हा रंगवलं आहे का, हे शोधा. वर्षाच्या सीमेवर मात्र थोडी सूट द्या. कारखान्यात उरलेला माल जानेवारी उजाडला म्हणून कोणी फेकून देत नाही, त्यामुळे १९६२-६३ च्या उंबरठ्यावरच्या धनुष्यात एखादी खूण मागची आणि एखादी पुढची सापडू शकते. अशा वेळी वहीत दोन्ही सालं लिहा.

बाकीच्या कंपन्या

बेअरइतकी सोयीची खूण इतरांत नाही. तिथे मालकी कधी बदलली हे ठाऊक असलं की बरंच काम होतं.

विंग आर्चरी ही कंपनी बॉब ली यांनी टेक्सासमध्ये १९५१ मध्ये काढली. १९६८ मध्ये ती स्कीचं सामान बनवणाऱ्या हेड कंपनीनं घेतली आणि पुढे हेडबरोबरच एएमएफ या कंपनीकडे गेली. विंगच्या धनुष्यावर "एएमएफ" दिसलं तर ते १९६८ नंतरचंच. डेमन हॉवट यांची धनुष्यं वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाची. १९७६ मध्ये मार्टिन कंपनीनं तो व्यवसाय घेतला, त्यामुळे दोन्ही नावं एकत्र असतील तर धनुष्य त्यानंतरचं. नुसतं हॉवट आणि याकिमा असेल तर नीट बघा, त्यांच्या लाकडाची निवड आणि कडांची गोलाई मला आजही अजोड वाटते. हॉइटचं मूळ गाव मिझुरीतलं सेंट लुईस. १९८३ मध्ये ही कंपनी ईस्टनकडे गेली, तेव्हा दोन्ही नावांचा शिक्का म्हणजे त्यानंतरचा काळ.

बेन पिअरसनची धनुष्यं आर्कान्सातल्या पाईन ब्लफची. ती भरपूर सापडतात आणि अजून स्वस्तात मिळतात. नव्या संग्राहकानं हात बसवायला ती घ्यावीत असं मी नेहमी सांगतो. शेक्सपिअर ही मिशिगनमधल्या कॅलमझूची मासेमारीच्या सामानाची कंपनी. तिच्या धनुष्यांची नावं मला फार आवडतात: नेसिडा, कायबाब, ओकाला. ही अमेरिकेतल्या रानांच्या, शिकारीच्या मुलखांच्या जागांची नावं आहेत.

आणि एक मोठी काळसीमा सगळ्यांनाच लागू पडते. मिझुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ च्या अखेरीस चाकांच्या, म्हणजे कंपाऊंड धनुष्याचं पेटंट मिळालं. पुढच्या दशकात शिकारी त्या नव्या धनुष्याकडे वळले आणि रिकर्व्ह गॅरेजच्या छतात अडकवून ठेवली गेली. आज बाजारात येणारा माल बराचसा तिथूनच येतो, आणि छताखालच्या उन्हाळ्यानं त्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं.

घेण्याआधी तब्येत बघा

कापसाचा बोळा दोन्ही भुजांच्या कडांवरून हळू ओढा. फायबरग्लासची उठलेली कूस असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात. बोटानं हे करू नका, काचेची कूस त्वचेत गेली की दिसतही नाही. मग थरांचे सांधे बघा. लाकूड आणि काच यांच्यामध्ये काळी केसाएवढी फट दिसली तर थर सुटायला लागला आहे. असं धनुष्य भिंतीवर लावायला घ्या, ओढायला नाही. वॉर्निशमधल्या बारीक रेषा मात्र वयाच्या असतात. नख फिरवून बघा: नख अडकलं नाही तर चिंता नाही, अडकलं आणि रेषा भुजेला आडवी असली तर सोडून द्या.

पीळ बघायला धनुष्य चढवावं, म्हणजे वाकवून त्याला दोरी लावावी लागते. ते नेहमी दोन्ही टोकांना टोप्या असलेल्या दोरीच्या स्ट्रिंगरनं चढवा. पायात अडकवून वाकवण्याची जुनी रीत भुजांना पीळ देते, आणि बाजारातली पिळलेली निम्मी धनुष्यं त्याच रीतीची शिकार असावीत असा माझा अंदाज आहे. चढवल्यावर एक टोक डोळ्यापाशी धरून लांबून बघा, दोरी दोन्ही टोकांना भुजेच्या मधोमध बसली पाहिजे. थोडा पीळ असेल तर भुजा कोमट पाण्यानं गरम करून उलट दिशेनं हलकेच धरून ठेवल्यास निघू शकतो, पण एका बैठकीत सगळा काढायचा हट्ट नको.

दोरी डॅक्रॉनचीच, म्हणजे किंचित ताणणाऱ्या जुन्या धाग्याचीच घ्या. आधुनिक धागे ताणतच नाहीत, त्यामुळे बाण सुटताना सगळा झटका जुन्या पातळ टोकांवर येतो आणि टोक फुटतं. दोरीची लांबी लिहिलेल्या लांबीपेक्षा तीन ते चार इंच कमी असावी. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, कोणालाही सोडू देऊ नका. पाहुणे आले की भिंतीवरचं धनुष्य हमखास कोणीतरी उचलून ओढतं. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींसमोर मी ही एकच गोष्ट आधी सांगतो.

ठेवताना दोरी उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात उभं ठेवलं की खालच्या टोकावर वर्षानुवर्षं वजन येतं. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात तासभरही ठेवू नका, आतल्या उष्णतेनं जुना गोंद सुटतो.

शेवटचं काम लिहिण्याचं. प्रत्येक धनुष्याला सुती दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधा. साल कोणत्या खुणांवरून काढलं हे तीवर लिहा, म्हणजे पुढचा माणूस तुमचा शब्द न मानता स्वतः तपासू शकेल. माझ्या त्या पहिल्या धनुष्याच्या चिठ्ठीवर असं लिहिलं आहे: "बेअर ग्रिझली. ग्रेलिंग. सपाट पितळी नाणं. क्रमांकाची सुरुवात ६. एएमओ नाही. १९६६. वरच्या भुजेवर वॉर्निशच्या रेषा, नख अडकत नाही. कॅनडा १९५३ हे पेटंटचं साल आहे."